वाचनालयाच्या अनुदानासाठी आमदार-खासदारांकडे जायचंय? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी पूर्व भागातल्या एका छोट्या ड वर्ग वाचनालयाचा कार्यवाह. पद ऐकायला भारी वाटतं, पण काम कुलूप उघडण्यापासून जीआर शोधण्यापर्यंत सगळंच. अनुदानासाठी लोकप्रतिनिधींच्या मागे कसं लागायचं हे विचारायला करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या वाचनालयांची माणसं फोन करतात, प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. काही उत्तरं लांब झालीत, काही एका ओळीत संपलीत, चालवून घ्या.

मुळात वाचनालयाला पैसे देतं कोण? केंद्र, राज्य का महापालिका?

राज्य. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची १२ नंबरची नोंद आहे, त्यात ग्रंथालयं येतात. आपल्याकडं १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि अनुदानाचे नियम १९७० चे. खातं उच्च व तंत्रशिक्षणाचं, शालेय शिक्षणाचं नाही. हे आधीच सांगतो कारण निम्मी निवेदनं शिक्षणमंत्र्यांच्या नावानं निघतात आणि तिथंच फिरत बसतात. खात्याखाली मुंबईत ग्रंथालय संचालनालय, मग पुणे विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक आणि आपल्या जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीतच. ती संस्थांनी काढलेली आणि संस्थांनीच चालवलेली आहेत, सरकार फक्त मान्यता आणि अनुदान देतं. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. त्यामुळं आमदारसाहेब "सरकारी लायब्ररी आहे ना, मग सरकार बघेल की" म्हणाले तर तिथंच थांबवून हे सांगायचं.

अनुदान मिळतं ना, मग अजून कशाला मागायचं?

हा प्रश्न घरची माणसंसुद्धा विचारतात. तर हिशोब बघा. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि जिल्हा, तालुका, इतर असे प्रकार. २०१२ साली हे दरवर्षीचं अनुदान (सरकारी भाषेत परिरक्षण अनुदान) वाढलं, त्यानंतर थेट २०२२ च्या शेवटी मंत्रिमंडळानं ६० टक्के वाढ दिली. मधली दहा वर्षं आकडा जागेवर आणि पेपर, लाईट, पुस्तकं सगळं वर. त्या २०२२ च्या वाढीत ड वर्गाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. महिन्याचं नाही हो, वर्षाचं. (जायच्या आधी शासनाच्या साईटवर नवीन जीआर निघालाय का ते बघून जा, जुना आकडा तोंडावर मारला की समोरचा पीए लगेच पकडतो.)

आता हे ४८ हजार निम्मे पगाराला आणि निम्मे बाकी खर्चाला. पगाराचे २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार. आमच्या ग्रंथपाल ताई सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा वाचनालय उघडतात, झाडतात, रजिस्टर लिहितात, आणि त्यांना मिळतात महिन्याला दोन हजार. बांधकामावरचा मजूर तीन-चार दिवसांत एवढे नेतो. उरलेले २४ हजार. आमच्याकडं सहा पेपर येतात, महिन्याचं बिल हजाराच्या आसपास, झाले वर्षाचे बारा हजार. राहिलेल्या बारा हजारात लाईट बिल, दुरुस्ती, स्टेशनरी, बाइंडिंग आणि पुस्तकं. आज चांगलं मराठी पुस्तक तीनशे-चारशेच्या खाली येत नाही, तुम्हीच सांगा किती येतील.

वर अजून एक मेख आहे, अनुदान मिळतं मान्य खर्चाच्या ९० टक्के. म्हणजे पूर्ण ४८ हजार पदरात पाडायचे तर ५३ हजारांच्या वर खर्च आधी करून दाखवायचा, वरचा भाग वर्गणीतून किंवा कुणाच्या तरी खिशातून. पैसे येतात हप्त्यांनी, पेपरवाला काही हप्त्यांची वाट बघत नाही. हा हिशोब एका कागदावर मांडून न्या. "वाचनसंस्कृती टिकली पाहिजे" हे वाक्य आमदारांनी हजार वेळा ऐकलेलं असतं, स्वतःच्या भाषणात म्हटलेलंही असतं. महिन्याला दोन हजार हा आकडा ऐकला की मात्र खुर्चीतला माणूस जरा पुढं सरकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचा आमदार कोण, खासदार कोण हे तरी नीट सांगा.

जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ. सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, सोलापूर दक्षिण, अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला, माळशिरस. लोकसभेला सोलापूर आणि माढा. बार्शीकरांनो, तुमचा जिल्हा सोलापूर पण खासदार धाराशिवचा, हे विसरून सोलापूरच्या खासदारांकडं निवेदन घेऊन गेलेली माणसं मला माहिती आहेत, चहा मिळाला, काम झालं नाही.

आणि एक दार लोक कायम विसरतात ते म्हणजे विधान परिषद. पुणे विभागाचा पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर मिळून आहे. या आमदारांना रस्ते-गटारांची निवेदनं त्या मानानं कमी येतात आणि त्यांचे मतदारच शिकलेले, त्यामुळं ग्रंथालयाचा विषय त्यांच्याकडं चांगला चालतो. तुमच्या कार्यकारिणीत दहा पदवीधर असतील तर त्यांची त्या मतदारयादीत नोंदणी झालीय का ते आधी बघा, ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते.

राज्याचा विषय आहे तर खासदाराकडं जाऊन काय फायदा?

थोडा आहे. कोलकात्याची राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखालची संस्था, १९७२ ची, ती पुस्तकं, इमारत, साधनं यासाठी मदत करते, काही योजनांत राज्याचा वाटा असतो आणि काहींत नसतो. तिथलं प्रकरण अडकलं तर खासदाराचं पत्र कामाला येतं. शिवाय खासदार निधी वर्षाला ५ कोटी. पण रोजचं अनुदान वाढवायचं असेल तर दिल्लीकडं बघून उपयोग नाही.

आमदार निधीतून ग्रंथपालांचा पगार करता येईल का?

नाही. आमदार निधीही वर्षाला ५ कोटीच, पण तो उभ्या राहणाऱ्या कामांसाठी. खोली, छत, अभ्यासिका, कंपाउंड. पगार, लाईट बिल, पेपर हा दरवर्षीचा खर्च त्यातून होत नाही. म्हणून मागणी दोन कागदांवर दोन वेगळी करायची. खोली पाहिजे तर आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समिती, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. अनुदान वाढ पाहिजे तर राज्याचा अर्थसंकल्प. दोन्ही एकाच निवेदनात घातलं की सोपं काम मंजूर होतं, "तुमचं काम केलं ना" असं म्हणतात आणि अवघड विषय मेला. कितीतरी ठिकाणी टाइल्स बसवलेली देखणी वाचनालयं आहेत आणि आत उघडायला माणूस नाही.

निवेदन कसं लिहायचं?

आमच्या पहिल्या निवेदनाची गोष्ट सांगतो म्हणजे कसं लिहायचं नाही ते कळेल. आम्ही सगळे उत्साहात, लेटरहेडवर १४ मागण्या लिहिल्या, त्यात अनुदानवाढ, वेतनश्रेणी, नवीन इमारत, वाय-फाय, समोरच्या रस्त्यावरचा खड्डा आणि मुतारीसुद्धा. हार, शाल, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर आलं, आम्ही कात्रण लॅमिनेट केलं. चार महिन्यांनी त्याच ऑफिसात गेलो तर त्या पोरानं फाइल शोधली आणि आमच्या निवेदनावर एकच शेरा होता, "खड्डा, मनपाकडे वर्ग." बाकी तेरा मागण्यांचं काय झालं हे कुणालाच सांगता येईना आणि खरं सांगू का, चूक आमची होती.

तेव्हापासून आमचा नियम, एक कागद एक मागणी. वर विषय एका ओळीत. पहिल्या परिच्छेदात वाचनालयाचं नाव, नोंदणी नंबर, वर्ग, सभासद किती, रोज येणारे किती. दुसऱ्यात तो वरचा हिशोब. तिसऱ्यात नेमकी मागणी आणि ती कुणाकडं करावी. "सहकार्य करावे ही विनंती" असं मोघम लिहायचं नाही. "येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात ड वर्ग ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानाबाबत तारांकित प्रश्न विचारावा" असं लिहा, म्हणजे पीएला नेमकं काय करायचं ते कळतं. जमलं तर लेखाशीर्षही टाका. अर्थसंकल्पात मुख्य शीर्ष २२०५ म्हणजे कला व संस्कृती, त्याखाली १०५ सार्वजनिक ग्रंथालये. हे दोन आकडे निवेदनात दिसले की समोरच्याला वाटतं की या लोकांना काहीतरी कळतंय, आणि उत्तर जरा सरळ येतं.

दोन प्रती न्यायच्या. एकीवर पोच, शिक्का, तारीख, सही. पोच नाही म्हणजे निवेदन दिलंच नाही असं समजा, फोटोला कुणी पोच मानत नाही.

पुस्तकप्रेमावर दोन ओळी, एखादी कविता वगैरे टाकावी का?

नको.

कधी जायचं? आम्ही मार्चमध्ये जातो, बजेटच्या वेळी.

मार्चमध्ये ताट वाढून झालेलं असतं, तेव्हा भाजी बदला म्हणून सांगायला जाण्यासारखं आहे ते. पुढच्या वर्षाचे खात्याचे प्रस्ताव साधारण पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे तयार व्हायला लागतात. म्हणून आमचं मुख्य निवेदन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरमध्ये नागपूरचं हिवाळी अधिवेशन, तिथं पुरवणी मागण्या (म्हणजे चालू वर्षासाठी खात्यांनी मागितलेले जादा पैसे) येतात, चालू वर्षातलं थकलेलं अनुदान किंवा मध्येच झालेली वाढ यासाठी ती जागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईचं अर्थसंकल्पीय अधिवेशन, तेव्हा जायचं ते फक्त आठवण द्यायला. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, अधिवेशन सुरू झाल्यावर "साहेब प्रश्न विचारा की" म्हणून उपयोग नसतो.

यात सोलापूरचं म्हणून एक वेगळं कॅलेंडर आहे ते मुंबई-पुण्याच्या कार्यकर्त्यांना कळत नाही. आषाढीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस जिल्ह्यातलं सगळं प्रशासन पंढरपुरात असतं, कलेक्टर ऑफिसपासून तलाठ्यापर्यंत, तेव्हा कुणाला भेटायला जाऊच नका. जानेवारीत संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा, गड्ड्याची जत्रा भरलेली, नंदीध्वजांच्या मिरवणुका, शहरातले लोकप्रतिनिधी तिकडं. तिथं ते भेटतात खरं, पण अंगात बाराबंदी आणि डोक्याला फेटा असताना कुणी अनुदानाचं ऐकत नाही. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन घोषणा बंद, मग निवेदन देऊन ठेवा पण आशा ठेवू नका. हे सगळं वजा करून जे दिवस उरतात ते थोडेच आहेत, म्हणून आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर ते लाल पेनानं गोल केलेले असतात.

भेटीत बोलायचं कुणी आणि किती?

दोघांनी, पाच मिनिटं. बारा जण जाऊ नका. एक जण हिशोब सांगणारा आणि दुसरा वाचक, खराखुरा वाचक. आम्ही अध्यक्षांना नेत होतो, ते वीस मिनिटं स्वतःची ओळख सांगायचे. मग एकदा आमच्याकडं पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला नेलं. आई विड्या वळते, घर एका खोलीचं, पाच माणसं. आम्ही हजेरीचं रजिस्टर बरोबर नेलं होतं, त्यात महिनाभर रोज तिची सही पहिल्या ओळीवर, वेळ सकाळी ६:१०, ६:०५, ६:१०, फक्त एका दिवशी ७:४०. साहेबांनी ती ओळ बोटानं दाखवून विचारलं, या दिवशी उशीर का? ती म्हणाली, त्या दिवशी पाणी आलं होतं. सोलापूरचं पाणी किती दिवसाआड येतं हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत, सगळे हसले, साहेबही हसले, आणि पुढची दहा मिनिटं ते फक्त वाचनालयाबद्दलच बोलत होते. रजिस्टर न्या, एवढंच माझं सांगणं. सह्या, वेळा, तारखा, पान उघडून समोर ठेवा.

साहेब भेटतच नाहीत, पीएच भेटतो.

उत्तम. पीएशी ओळख करा, नाव लक्षात ठेवा, त्याच्या मुलाचं सभासदत्व तुमच्याकडं करून टाका. कागद कुठं जातो हे साहेबांपेक्षा त्याला जास्त माहिती असतं. पण तो बदलला की सगळं परत पहिल्यापासून, म्हणून पोचेची प्रत.

विधानसभेत प्रश्न विचारला की पैसे मिळतात का?

लगेच नाही. पण प्रश्न लागला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, माहिती जिल्ह्याकडून मागवली जाते, कुणाचा हप्ता का राहिला याची फाइल उघडली जाते, आणि कधीकधी उत्तर देण्याआधीच हप्ता सुटतो. हे आम्ही अनुभवलंय. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. लक्षवेधी सूचना जास्त वजनदार, पण तिला नंबर लागणं अवघड. अर्थसंकल्पात खात्यानं मागितलेल्या पैशांवर, म्हणजे मागण्यांवर, चर्चा होते तेव्हा कपात सूचना देता येते, नाव ऐकून घाबरू नका, कपात सूचना म्हणजे आपले पैसे कापायची मागणी नव्हे, खात्याच्या कामावर बोट ठेवायची ती एक पद्धत आहे. आमच्या एका सभासदानं हे ऐकून "अहो कपात कशाला मागताय" म्हणून मीटिंगमध्ये भांडण काढलं होतं. आणि हे काही जमलं नाही तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिच्याकडं आमदारामार्फत सामान्य लोकांचा अर्ज जाऊ शकतो.

आकडे कुठून आणायचे? ऑफिसात विचारलं तर उडवून लावतात.

आधी प्रेमानं विचारा, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात माणसं कमी आणि वाचनालयं भरपूर, त्यांचीही पंचाईत असते. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, लांबड लावली की परत येतो. उत्तराला ३० दिवस. काय विचारायचं तर गेल्या पाच वर्षांत जिल्ह्याला किती अनुदान मंजूर झालं, किती आलं, कोणत्या तारखेला वाटलं. तारखा मागाच. रकमेपेक्षा तारखा जास्त बोलतात, कारण वर्षाचे पैसे वर्ष संपता संपता आले की बाकीचे महिने कुणी ढकलले हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आमचं वाचनालय नवीन आहे, मान्यताच नाही. आम्ही काय मागायचं?

२०१२ साली महसूल खात्यानं सगळ्या ग्रंथालयांची पडताळणी केली. काही ठिकाणी खरंच फक्त बोर्ड होता आणि आत शेळ्या, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं थांबून राहिले, त्यात प्रामाणिक वाचनालयंही भरडली. ड मधून क मध्ये जायची सगळी लायकी असून आम्ही जिथल्या तिथं. त्यामुळं तुमची मागणी "अनुदान द्या" अशी नको, "मान्यता आणि वर्गबदलाचा प्रश्न सोडवा" अशी पाहिजे, आणि ती एकट्यानं नाही, जिल्हा ग्रंथालय संघामार्फत सगळ्यांनी मिळून. कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीचंही तसंच, व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचं नाव घेत एक पिढी रिटायर झाली.

कर्नाटकात म्हणे लायब्ररीसाठी वेगळा टॅक्स आहे, आपल्याकडं का नाही?

आहे, आणि हा प्रश्न सोलापुरात विचारला जावा हे बरोबरच आहे, हद्द ओलांडली की विजापूर. कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे, स्थानिक संस्था तो गोळा करून ग्रंथालय खात्याला देतात. त्याआधी १९४८ ला मद्रास प्रांतानं असाच उपकर आणला. आपल्या १९६७ च्या कायद्यात उपकर ठेवलाच नाही, त्याऐवजी ग्रंथालय निधीत सरकारनं दरवर्षी कमीत कमी २५ लाख रुपये टाकावेत असं लिहिलं. त्या काळी २५ लाख मोठेच असतील. गंमत अशी की आज महाराष्ट्रात असलेल्या भागातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ लाच केला होता, म्हणजे सुरुवात आपली लवकरची.

उपकर मागावा का यावर आमच्यातच दोन मतं आहेत. माझं मत, मागावा, पण डोळे उघडे ठेवून. कर्नाटकातही महापालिका गोळा केलेला उपकर वेळेवर पुढं देत नाहीत अशी ओरड असतेच. आणि सोलापूरच्या माणसाला "घरपट्टीत अजून एक टक्का" म्हणून बघा, तो आधी पाण्याचं विचारणार, आणि त्याचं चूक नाही. फायदा एकच पण मोठा, उपकर असला की दर दहा वर्षांनी मंत्र्याच्या मर्जीवर वाढ मागायला जावं लागत नाही, घरपट्टी वाढली की तोही वाढतो. पण कायदा बदलायचा विषय आहे, एका आमदाराच्या हातातला नाही, त्यामुळं तो निवेदनात घालून बाकीचं काम अडवू नका.

महापालिकेकडं काही मागता येतं का?

येतं, पण महापालिकेच्या कायद्यात वाचनालय हे ऐच्छिक कामांच्या यादीत आहे, पाणी-गटारासारखं बंधनकारक नाही. म्हणून बजेटमध्ये पहिली कात्री तिथंच. रिकामी पडलेली एखादी खोली, समाजमंदिर, शाळेचा बंद वर्ग अभ्यासिकेला मागा, रोख पैशापेक्षा जागा लवकर मिळते.

मोबाईलवर सगळं मिळतं, वाचनालय कशाला, असं साहेबच म्हणाले. काय उत्तर द्यायचं?

भांडायचं नाही. साहेबांना संध्याकाळी सात वाजता बोलवायचं. आमच्याकडं त्या वेळी पंचवीस-तीस पोरं असतात आणि सगळ्यांकडं मोबाईल असतात. ती येतात ते टेबल, ट्यूबलाईट, पंखा आणि शांतता यासाठी, घरी टीव्ही आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. स्पर्धा परीक्षेचं एक एक पुस्तक पाचशे-सातशेचं, एक कॉपी दहा जण वापरतात. म्हातारी माणसं येतात पेपरला, खरं म्हणजे एकमेकांना भेटायला. एका आजोबांनी तर सांगून ठेवलंय, मी चार दिवस दिसलो नाही तर घरी फोन करा.

आमच्या भागात तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारे आहेत, त्याचं काय?

हा तर सोलापूरचा हुकमाचा पत्ता, आणि आपण तो वापरत नाही. पद्मशाली समाजातल्या आजीला तेलुगू वाचता येतं, अक्कलकोट रोडला कन्नड, विजापूर वेशीकडं उर्दू, आणि नातवंडं मराठी-इंग्रजीत. चार भाषांचे वाचक असलेल्या वाचनालयाला पुस्तकांचा खर्च जास्त येतो हे वेगळं मांडा. मराठी पुस्तकांसारखं सवलतीत एकगठ्ठा मिळत नाही, हैदराबाद-धारवाडहून मागवावं लागतं. आमदारांना यात चार समाज दिसतात, कशासाठी दिसतात ते सांगायची गरज नाही, पण त्यानं काम होत असेल तर होऊ दे.

एकाच पक्षाकडं जावं का सगळ्यांकडं? आणि जास्त बोललो तर आहे ते अनुदान बंद होईल का?

सगळ्यांकडं. सत्तेतला खात्याला फोन करू शकतो, विरोधातला सभागृहात प्रश्न लावू शकतो, दोघंही लागतात. फक्त वाचनालयाच्या बोर्डाशेजारी कुणाचा फ्लेक्स लावू देऊ नका, तेवढं पाळलं तर दोन्हीकडं दार उघडं राहतं. आणि अनुदान बंद होतं ते रजिस्टर नीट नसेल, ऑडिट रिपोर्ट वेळेवर नसेल, ठरलेल्या वेळेत कुलूप असेल तर. निवेदन दिलं म्हणून कुणाचं बंद झालेलं मी तरी बघितलं नाही. मात्र स्वतःचं दप्तर कच्चं असताना मोठ्यानं बोलायला जाऊ नका, तपासणी लागली की पंचाईत.

मंत्रालयात जावं लागतं का?

वर्षातून एकदा गेलं तर बरं. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी मुंबई. सामान्य माणसाला आत सोडतात ते दुपारनंतर, त्यामुळं सकाळी संचालनालयात जाऊन तिथलं काम उरकून घ्या, ते फोर्टात टाऊन हॉलच्या इमारतीत आहे, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या दिसल्या की आलंच. जाण्यायेण्याचा खर्च अनुदानात धरता येत नाही, वर्गणी काढा. शेंगा चटणी न्यायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, आम्ही नेतो, पण स्वतःला खायला, कडक भाकरीबरोबर, आझाद मैदानाच्या कडेला बसून.

या सगळ्याला वेळ किती लागतो?

आमच्या अभ्यासिकेच्या खोलीचं पत्र दिल्यापासून तीन वर्षं. तेवढ्यात दोन पीए बदलले, एक निवडणूक झाली, पोचेची प्रत पाच वेळा झेरॉक्स केली. मंजुरी आली हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, एके दिवशी टेप घेऊन माणूस आला आणि भिंत मोजायला लागला तेव्हा कळलं. खोली झाली, फरशी बसली, पोरं बसायला लागली. पंखे एस्टिमेटमध्ये घालायचे राहिले होते. मार्चपासून सोलापूरचा उन्हाळा काय असतो तुम्हाला माहितीच आहे, सध्या घरून आणलेले दोन टेबल फॅन आलटून पालटून लावतो. पंख्यांचं पत्र टाइप करून ठेवलंय, एक कागद, एक मागणी, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी द्यायचंय.